आतिथ्य, मजुरी आणि वारसा

ख्रिस्ती परंपरेतील आतिथ्याच्या कथा वाचीत असता एक गोष्ट प्रथमदर्शनीच ध्यानात येते. दारी आलेला मनुष्य कोण आहे हे यजमानाला ठाऊक नसते. वाचकाला मात्र ते बहुधा ठाऊक असते, निदान त्याला तसा संशय तरी असतो. थंडीने काकडलेला भिकारी, वाट चुकलेला यात्रेकरू, कुष्ठाने झडलेला रोगी हे अखेरीस देवदूत किंवा प्रत्यक्ष ख्रिस्त ठरतात, आणि ज्याने त्यांना ऊब व अन्न दिले त्याच्या पदरात त्या कृतीचे फळ पडते. हा साचा इतका परिचित आहे की त्याच्या पोटात दडलेला पेच सहसा कोणाला जाणवत नाही. दया निरपेक्ष असावी, अशी या धर्माची शिकवण; आणि निरपेक्ष दयेला मोठे फळ आहे, हेही त्याच शिकवणुकीत पुनःपुन्हा सांगितलेले. मग फळ आहे असे एकदा कळल्यावर दया निरपेक्ष राहावी कशी? नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून या प्रश्नाची उत्तरे मिळतात, परंतु ती कोरडी वाटतात. कथाकारांना मात्र हा प्रश्न कथेतच सोडवावा लागला, आणि त्यांपैकी काहींनी तो कसा सोडविला हे पाहणे उद्‌बोधक आहे.

प्रारंभी शब्दांकडे वळणे इष्ट होईल. नव्या करारात आतिथ्यासाठी जो ग्रीक शब्द येतो तो ‘फिलोक्सेनिया’. त्याचा शब्दशः अर्थ परक्याविषयीचे प्रेम. ‘क्सेनॉस’ म्हणजे परका आणि पाहुणाही. लॅटिनमध्ये तर गंमत अशी की ‘होस्टिस’ हा शब्द पूर्वी परक्याला लावीत, पुढे तो शत्रूचा वाचक झाला. आणि त्याच कुळातला ‘होस्पेस’ यजमान व पाहुणा या दोघांनाही चालला. इस्पितळ आणि हॉटेल ही दोन्ही नावे याच शेवटच्या शब्दाची संतती होत. आपल्या ‘अतिथी’ शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती तिथीशी जोडलेली आहे: ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. म्हणजे आपल्या शब्दात भर येण्याच्या अवचितपणावर आहे, ग्रीक शब्दात तो येणाऱ्याच्या परकेपणावर आहे. ‘पाहुणा’ म्हटले की मराठी मनापुढे सोयराधायरा उभा राहतो. जातपात, गाव, कूळ विचारून ज्याला ओसरीवर घ्यावे तो. त्यामुळे ‘पाहुणचार’ हा शब्द योजला की मूळ कल्पनेतील धोका निघून जातो. ‘आतिथ्य’ अधिक जवळचा; तथापि परका हा परकाच राहून घरात येतो, ही कल्पना त्यातही पुरती उतरत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे जे चित्र आहे, त्यावर या सर्व कथांचा पाया रचलेला आहे. राजा उजवीकडच्या लोकांना म्हणतो की मी भुकेला होतो, तहानलेला होतो, परका होतो, उघडा, आजारी, बंदिवासात होतो, आणि तुम्ही माझी काळजी घेतलीत. येथे त्या चित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडते. ते लोक आनंदित होत नाहीत. ते बुचकळ्यात पडतात. असे आम्ही केव्हा केले, तुला आम्ही केव्हा पाहिले, असा प्रश्न ते करतात. डावीकडचेही जवळजवळ तोच प्रश्न करतात. म्हणजे दोन्ही पक्ष अजाण आहेत. जो ओळखून देतो तो बक्षिसाला पात्र होतो, असे येथे म्हटलेले नाही. ज्याला आपण काही मोठे केले हे ठाऊकच नव्हते, त्यालाच ते मिळाले. अजाणपण हीच जणू येथे अट आहे.

या प्रसंगी मिळते ते काय, याविषयी भाषांतरकारांनी अधिक सावध राहावयास हवे होते. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘प्रतिफळ’ हा शब्द रूढ आहे. ज्या ग्रीक शब्दासाठी तो बहुधा येतो तो ‘मिस्थॉस’. त्याचा रोकडा अर्थ मजुरी. डोंगरावरील प्रवचनात गुप्तपणे दान करण्याविषयी जे सांगितले आहे तेथे हाच शब्द आहे: लोकांनी वाहवा करावी म्हणून जे देतात त्यांना त्यांची मजुरी मिळून चुकली. हिशेब मिटला, पावती झाली, असाच तो व्यवहारी सूर आहे. ‘फळ’ म्हटले की कर्माच्या बीजातून आपोआप उगवणारी वस्तू मराठी वाचकाच्या मनात येते; मजुरी मात्र उगवत नाही, ती कोणीतरी मोजून द्यावी लागते. या दोन कल्पनांतील अंतर थोडे नाही. पण न्यायाच्या त्या चित्रात मजुरीचा शब्द मुळी नाहीच. तेथे राजा म्हणतो ते वारशाविषयी. तुमच्यासाठी सिद्ध केलेले राज्य वतन म्हणून घ्या, असा त्याचा आशय आहे. वतन कामाच्या मोबदल्यात मिळत नाही. ते नात्याने मिळते. मजुराला मजुरी, मुलाला वारसा. आणि जेथे मजुरीचीच भाषा आहे त्या द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात सकाळपासून राबलेल्याला आणि दिवस कलताना आलेल्याला मळ्याचा धनी सारखेच नाणे देतो, म्हणजे मजुरीच्या कल्पनेला सुरुंगच लावतो. ‘प्रतिफळ’ या एका शब्दाने हे सर्व भेद पुसले जातात, आणि मग ख्रिस्ती दया ही परलोकातील सावकारी आहे असा जो आक्षेप घेतला जातो तो काहीसा साधार वाटू लागतो.

वस्तुतः जुन्या करारातील आतिथ्यकथा या बाबतीत अधिक कठोर आहेत. अब्राहामाची कथा सर्वज्ञात आहे. मम्रे येथील एलांच्या झाडांजवळ, भर दुपारी, तंबूच्या दाराशी तो बसलेला असतो. तीन पुरुष दिसताच धावत जातो. थोडी भाकर देतो म्हणतो आणि प्रत्यक्षात वासरू कापतो. देवदूतांचे नकळत आतिथ्य केल्याचा जो उल्लेख इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे तो याच प्रसंगाला धरून. पौर्वात्य ख्रिस्ती चित्रकलेत या प्रसंगाचे नावच ‘अब्राहामाचे आतिथ्य’ असे आहे. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी रशियात आंद्रेई रुब्ल्योव्हने जी प्रतिमा रंगविली तिच्यात त्याने अब्राहाम व सारा यांना गाळून टाकले. उरले ते मेजाभोवतीचे तीन पाहुणे, आणि मेजाची चौथी, आपल्याकडची बाजू रिकामी.

परंतु अब्राहामापेक्षा शुनेम गावच्या त्या अनामिक स्त्रीची कथा या प्रश्नाला अधिक भिडणारी आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात ती आली आहे. अलीशा हा संदेष्टा वरचेवर त्या वाटेने जातो म्हणून ती नवऱ्याला सांगून माडीवर एक लहान खोली बांधविते. खोलीत खाट, मेज, बैठक आणि दिवा ठेवते. सामानाची ही यादी इतकी नेमकी आहे की तीन सहस्र वर्षांनंतरही ती खोली डोळ्यांपुढे उभी राहते. संदेष्टा उपकाराची फेड करू इच्छितो. राजापाशी किंवा सेनापतीपाशी तुझ्यासाठी काही शब्द टाकू काय, असे विचारतो. मी आपल्या माणसांत राहते आहे, एवढेच ती म्हणते. तिला काही नको आहे. तरी तिला मूल नाही हे चाकराच्या तोंडून कळल्यावर संदेष्टा पुत्राचे वचन देतो, आणि ती हर्षित होण्याऐवजी, दासीला फसवू नका, म्हणते. मुलगा होतो, वाढतो, एके दिवशी शेतात डोके धरून घरी येतो आणि आईच्या मांडीवर मरतो. ती त्याला उचलून पाहुण्याच्या त्याच खोलीत, त्याच खाटेवर ठेवते आणि कर्मेल डोंगराकडे निघते. मी मुलगा मागितला होता काय, हा तिचा संदेष्ट्याला प्रश्न आहे. न मागितलेल्या बक्षिसाने किती खोल जखम होऊ शकते हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल. मूल पुन्हा जिवंत होते हे खरे. परंतु कथेचे मर्म त्या प्रश्नात आहे.

पुढे ख्रिस्ती समाजात आतिथ्याच्या संस्था झाल्या. त्यांचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. चौथ्या शतकात बासिलने कैसरियाच्या वेशीबाहेर परक्यांसाठी, गरिबांसाठी व रोग्यांसाठी मोठे आश्रयस्थान उभारले. याच शतकात, ३६२ साली, ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळलेल्या यूलियन बादशहाने गलातियाच्या महापुरोहिताला लिहिलेल्या पत्रात परक्यांवरील दयेमुळेच हा पंथ वाढला असे चिडून म्हटले आहे, आणि आपल्याही लोकांनी गावोगाव धर्मशाळा काढाव्यात म्हणून धान्य व मद्य नेमून दिले आहे. या पत्राच्या अस्सलपणाविषयी अलीकडे शंका घेतली गेली आहे; तरी त्यातील एक गोष्ट मोठी बोलकी आहे. परक्याचा सत्कार ही मुळात आमचीच रीत, हे सिद्ध करण्यासाठी पत्रलेखक होमरच्या काव्यातील डुकरे राखणाऱ्या यूमेयसची साक्ष काढतो. साक्ष खोटी नव्हे. ग्रीकांनाही वेषांतर केलेले देव ठाऊक होते. ओव्हिडने सांगितलेली बॉकिस व फिलेमोन या वृद्ध दांपत्याची कथा त्याच जातीची आहे. फरक असलाच तर तो येवढाच की ग्रीक देव भिकाऱ्याचा वेष घेतो आणि भोजनोत्तर तो उतरवितो. मत्तयाच्या चित्रातील राजा भुकेल्याचा वेष घेऊन गेलो होतो असे म्हणत नाही. भुकेला होतो असे म्हणतो.

संस्था निघाली की घरातील माणूस मोकळा होतो, हा धोका योहान क्रिसोस्तोमने ओळखला होता. प्रेषितांच्या कृत्यांवरील आपल्या प्रवचनांत तो श्रोत्यांना सांगतो की मंडळीची धर्मशाळा आहे म्हणून तुम्ही सुटलात असे समजू नका. प्रत्येकाने आपल्या घरी एक खोली परक्यासाठी राखून ठेवावी, ती ख्रिस्ताची खोली. दुसरा प्रार्थना करतो म्हणून तुमची प्रार्थना चुकते काय, असा त्याचा बिनतोड सवाल आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात पाहुण्याला ख्रिस्तासारखा मानून घ्यावे असा दंडक आहे. मठाधिपतीने त्याच्या हातांवर पाणी घालावे, त्याचे पाय धुवावेत, त्याच्यासाठी उपास मोडावा. गरीब व यात्रेकरू यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण श्रीमंतांचा मान त्यांच्या धाकानेच राखला जातो, हे त्यातील निरीक्षण संतापेक्षा एखाद्या अनुभवी कारभाऱ्याचे वाटते. मात्र नियम झाला की अजाणपण संपले. पाहुणा हा ख्रिस्त आहे हे मठातील प्रत्येकाला आता पाठ आहे. कथेला पुढे जी अडचण येणार होती तिचे बीज येथे आहे.

संतचरित्रांनी ही अडचण आपापल्या परीने ओलांडली. तूरच्या मार्टिनची कथा सुल्पिकियस सेव्हेरसने सांगितली आहे. आम्याँ नगराच्या वेशीपाशी, कडक हिवाळ्यात, हा तरुण सैनिक तलवारीने आपला झगा दुभागतो आणि अर्धा उघड्या भिकाऱ्याला देतो. पाहणाऱ्यांपैकी काही हसतात, कारण उरलेल्या अर्ध्या झग्यात तो विद्रूप दिसतो. रात्री स्वप्नात ख्रिस्त त्याच अर्ध्या झग्यात दिसतो. मार्टिनचा बाप्तिस्माही अजून झालेला नव्हता, म्हणजे त्याचे नाव अद्याप वारसांत लागले नव्हते.

आतिथ्यशील म्हणून ज्याची कीर्ती आहे त्या यूलियन संताची कथा याहून भयंकर आहे. ज्यूल्याँ या फ्रेंच नावाने फ्लोबेरने १८७७ मध्ये ‘तीन कथा’ या संग्रहात ती नव्याने सांगितली. आपल्या हातून आईबापांची हत्या होणार, या भाकिताला भिऊन ज्यूल्याँ घर सोडतो. त्याला शोधीत आलेल्या वृद्ध आईबापांना त्याची पत्नी आदराने आपल्याच शय्येवर निजविते. अंधारात परतलेला ज्यूल्याँ भलताच संशय घेऊन त्यांना मारतो. म्हणजे अपराधाचे निमित्तही आतिथ्यच होते, हे समीक्षकांनी पुरेसे लक्षात घेतलेले दिसत नाही. मग तो नदीकाठी नावाडी होऊन परक्यांना पैलतीरी नेऊ लागतो. एका वादळी रात्री कुष्ठरोगी येतो. अन्न मागतो, पेय मागतो, शय्या मागतो, आणि शेवटी ज्यूल्याँच्या उघड्या देहाची ऊब मागतो. ज्यूल्याँ त्याच्यावर तोंडाला तोंड, छातीला छाती लावून पडतो. तेराव्या शतकातील ‘सुवर्णचरित्रा’त तो रोगी देवाचा निरोप्या असतो, फ्लोबेरने त्याला प्रत्यक्ष ख्रिस्त केले. पण फ्लोबेरची खरी करामत त्या आलिंगनात आहे. शुनेमच्या माडीवरील मृत मुलावर संदेष्टा असाच तोंडाला तोंड, डोळ्यांना डोळे लावून पडला होता. तेथे पाहुणा यजमानाच्या मुलाला जीव देतो. येथे यजमान पाहुण्याला आपली ऊब देतो. फ्लोबेरला तो प्रसंग अभिप्रेत होता की नव्हता हा प्रश्न गौण होय. शेवटी, ही कथा आपल्या प्रांतातील एका चर्चच्या काचचित्रात अशी आहे, असे सांगून तो अलिप्तपणे बाजूला होतो. श्रद्धेचा भार त्याने काचेवर टाकला. १८६२ च्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये ह्यूगोने अलौकिक साक्षात्कारच वर्ज्य केला, बिशपच्या घरचा पाहुणा देवदूत ठरत नाही, चांदीची भांडी घेऊन पळणारा चोर ठरतो. फळ मिळते ते यजमानाला नव्हे, पाहुण्याला.

या पार्श्वभूमीवर टॉल्स्टॉयची ‘जेथे प्रेम तेथे देव’ ही १८८५ ची छोटी कथा पुन्हा वाचावयास हवी. लोकांसाठी लिहिलेली बाळबोध गोष्ट म्हणून ती बहुधा बाजूला ठेवली जाते. ‘कला म्हणजे काय’ या ग्रंथात आपल्या कोणत्या कृती चांगल्या कलेत मोडतात हे सांगताना खुद्द टॉल्स्टॉयनेही तिचे नाव घेतलेले नाही. शिवाय कथानक त्याचे नव्हे. रूबें सायांस या फ्रेंच प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाची, मार्सेय शहरातील म्हाताऱ्या मार्टिन चांभाराची गोष्ट लेखकाच्या नावावाचून एका रशियन नियतकालिकात आली होती. ती टॉल्स्टॉयने आपल्या पद्धतीने फिरून लिहिली. नायकाचे नाव मार्टिनच राहिले. तूरच्या संताची आठवण त्यात असावी असे वाटते, परंतु तसा पुरावा नाही. मूळ कथा नाताळच्या रात्रीची. टॉल्स्टॉयने नाताळ काढून टाकला. हा बदल लहान नव्हे. सणाच्या दिवशी दया ही रीतच असते. साध्या कामाच्या दिवशी ती रीत राहत नाही.

मार्टिन तळघरातील एका खोलीत राहतो. खिडकीतून त्याला रस्त्याने जाणाऱ्यांचे केवळ पाय दिसतात, आणि बुटांवरून तो माणसे ओळखतो, कारण त्या भागातील बहुतेक बूट एकदा तरी त्याच्या हाताखालून गेलेले असतात. बायको आणि मुले गेलेली. शेवटचा मुलगाही हाताशी आल्यावर गेला. एका वृद्ध यात्रेकरूच्या सांगण्यावरून तो शुभवर्तमान वाचू लागला आहे. आदल्या रात्री तो लूकमधील शिमोन परूश्याचा प्रसंग वाचतो: घरी बोलाविलेल्या पाहुण्याला ज्याने पाय धुवावयास पाणी दिले नाही, त्या यजमानाचा. मार्टिनला वाटते, आपणही तसेच. पायांवरून माणसे ओळखणाऱ्या चांभाराच्या हाती नेमका हाच उतारा यावा, हे योजनेविना घडलेले नाही. झोपेत त्याला आवाज येतो: उद्या रस्त्याकडे पाहा, मी येईन.

येथे पेच उघड्यावर येतो. मार्टिनला पाहुणा येणार हे ठाऊक आहे, अजाणपणाची अट मोडली आहे. टॉल्स्टॉयने काढलेला तोड साधा आणि थोर आहे. मार्टिन वाट पाहतो ती दुसऱ्याच कोणाची. जुने बूट दिसतात, तो वर पाहतो, आणि तो बर्फ उपसणारा म्हातारा स्तेपानिच आहे असे पाहून स्वतःलाच हसतो: म्हातारचळ लागला, स्तेपानिच बर्फ काढतो आहे आणि आपल्याला ख्रिस्त वाटतो! प्रत्येक गरजू त्याच्या दृष्टीने अपेक्षित पाहुण्याच्या वाटेतील व्यत्यय आहे. तरी तो प्रत्येकाला आत घेतो. ज्ञान आहे, पण ते चुकीच्या दिशेला पाहत आहे. म्हणून दया शुद्ध राहिली.

स्तेपानिचचा चहा हा या कथेतील सर्वांत सुंदर भाग होय. तो एक पेला पितो, रिकामा पेला पालथा घालतो आणि त्यावर उरलेला साखरेचा खडा ठेवतो. पुरे झाले असे सांगण्याची ही रशियन रीत. पण त्याला आणखी हवे आहे हे दिसते, आणि मार्टिन पेला सुलटा करून पुन्हा भरतो. दुसऱ्याच्या संकोचातून त्याची गरज वाचणे, हेच येथे आतिथ्य. मग उन्हाळी कपड्यांत, तान्हे मूल घेऊन, भिंतीच्या आडोशाला उभी असलेली शिपायाची बायको येते. मार्टिन तिला कोबीचे सार देतो, जुना अंगरखा देतो, आणि वीस कोपेक देतो, कारण तिने आपली शाल आदल्या दिवशी तेवढ्यालाच गहाण टाकलेली असते. शाल देण्यापेक्षा तिची शाल सोडवून देण्यात अधिक अदब आहे.

शेवटचा साक्षात्कार, अंधाऱ्या कोपऱ्यातून एकेक करून पुढे येऊन हसणाऱ्या आकृती, आणि त्यानंतर मत्तयातील तो उतारा उघडणे, हे सर्व पालथ्या पेल्यापुढे फिके वाटते. तेथे कथाकार नव्हे, उपदेशक बोलतो. १८८१ च्या ‘माणसे कशाने जगतात’ या कथेत, जी त्याने श्चेगोल्योनोक या लोककथा सांगणाऱ्याकडून ऐकली होती, तोच दोष अधिक प्रमाणात आहे. परंतु त्या कथेत मात्र मात्र्योनाच्या घरातील शेवटच्या पावाची चिंता आणि देवदूताचे पहिले हसू यांचा मेळ असा बसला आहे की दोष सहज क्षम्य व्हावा. तेथेही शिकतो तो पाहुणा. देवदूतच माणसांकडून धडा घेऊन जातो.

राहता राहिला मार्टिनचा तिसरा प्रसंग, ज्याकडे आतिथ्याच्या दृष्टीने कोणी पाहत नाही, कारण येथे कोणी घरात येतच नाही. सफरचंदे विकणारी म्हातारी आपले फळ चोरणाऱ्या पोराचे केस धरते. मार्टिन जिन्यावर ठेचाळतो, चष्मा पडतो, तो रस्त्यावर धावत जातो. पोराला माफी मागावयास लावतो, टोपलीतील एक सफरचंद उचलून त्याच्या हाती देतो आणि याचे पैसे मी देतो म्हणतो. म्हातारी कुरकुरते, मग आपल्या नातवंडांच्या गोष्टी सांगू लागते, ती गोणी उचलावयास जाते तेव्हा पोर पुढे होऊन म्हणते, आजी, मी नेतो. दोघे बोलत बोलत निघून जातात. मार्टिन परततो, जिन्यावर चष्मा तसाच, न फुटलेला सापडतो, आणि तो पुन्हा आरीला हात घालतो. म्हातारी सफरचंदाचे पैसे मागावयासही विसरलेली असते.